दहा वॅट पुरेत!

विद्युत गिटार ही मोठी लबाड वस्तू आहे. दुकानातील काचेमागे ती एकटी उभी असते, किमतीची चिठ्ठीही तिच्या एकटीच्याच गळ्यात असते. पण घरी आणून तार छेडली की आवाज येतो तो डासाच्या गुणगुणण्याएवढा. सतार, तंबोरा किंवा साधी गिटार यांच्या पोटात जी पोकळी असते, ती हिला नाही. हिचे अंग भरीव लाकडाचे. पोलादी तार हलली म्हणजे तिच्याखालच्या चुंबकाभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या बारीक तारेत क्षीण विद्युतप्रवाह उत्पन्न होतो. तो प्रवाह वाढवून कर्ण्यापर्यंत पोचविणारा ॲम्प्लिफायर जोडला तरच ही बाई बोलते. म्हणजे वाद्य दोन तुकड्यांत विकत घ्यायचे. पहिला तुकडा हौसेने घेतला जातो आणि दुसऱ्याच्या वेळी खिसा रिकामा असतो. या दुसऱ्या तुकड्याविषयी आपल्याकडे जे गैरसमज आहेत आणि त्यापायी विद्यार्थ्यांचे जे पैसे वाया जातात, त्यासंबंधी चार शब्द लिहावेत म्हणून हा प्रपंच.

त्याआधी एका आक्षेपाचा निकाल लावू. बीड जिल्ह्यात, पखवाजवादक शंकरबापू आपेगावकरांच्या मुलखात, गिटारचे काय काम, असे आमच्या काही गुरुजनांना वाटते. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून एवढेच म्हणतो, की हार्मोनियमही परदेशातूनच आली. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर उभे केले होते, तरी भजनाची पेटी काही थांबली नाही. शिवाय विजेवर चालणारे तंतुवाद्य आपल्याला नवे आहे असेही नाही. वरातीपुढे वाजणारा बेंजो आठवा. खरे तर तो बुलबुलतरंग. टंकलेखन यंत्रासारख्या कळांचा, तारांखाली पिकअप बसविलेला आणि भोंग्यांतून गावभर ऐकू जाणारा. रवी जाधव यांनी २०१६ साली त्यावर ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपटही काढला, रितेश देशमुख त्यात नायक होते. ज्या गावात बेंजो वाजतो त्या गावाला विद्युत गिटारची ओळख करून देण्याची गरज नाही. त्याही आधी आपल्याकडे रेडिओवर चित्रपटगीतांच्या धुना वाजत त्या वॅन शिप्ले यांच्या विजेच्या हवाईयन गिटारवर. आणि जगात बाजारात आलेली पहिली विद्युत गिटारही मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयनच होती. १९३२ साली ती विक्रीस आली. असो.

आता मुद्द्याकडे. ॲम्प्लिफायर घ्यायला निघालेला आपला विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतो, “किती वॅटचा आहे?” ट्रॅक्टर घेताना जसे किती हॉर्सपॉवरचा म्हणून विचारतात, तसा. वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट, हे त्याने गृहीतच धरलेले असते. कान तसा हिशेब करीत नाही. शक्ती दुप्पट केली तर आवाज वाढतो तो केवळ ३ डेसिबल. लक्ष देऊन ऐकले तर कळेल इतका. कानाला ‘दुप्पट’ वाटण्यासाठी शक्ती सुमारे दसपट लागते. म्हणजे १० वॅटच्या दुप्पट आवाज हवा असेल तर २० नव्हे, १०० वॅट घ्यावे लागतील. १० आणि २० वॅटच्या किमतीत जो फरक असतो तो ऐकू येण्याजोगा क्वचितच असतो. मी म्हणेन, तो फरक कर्ण्यावर खर्च करावा. सहा इंची कर्ण्यापेक्षा आठ किंवा दहा इंची कर्णा असलेले खोके त्याच वॅटमध्ये अधिक भरदार बोलते. सर्वांत जाड तारेचा स्वर ८२ हर्ट्झचा असतो. तो लहान कर्ण्यातून नुसता कण्हतो.

आणि १० वॅट म्हणजे तरी काय थोडे? साधारण कर्ण्याला १ वॅट दिला तर एक मीटरवर सुमारे ९० डेसिबल आवाज होतो, १० वॅटला १००. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ठरविलेली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाने १० वॅटचा कान अर्धा जरी पिळला तरी घरमालक वर येतो, हे सांगायला नियमांची गरज नाही.

वॅटच्या हावेचा फायदा घेणारा दुसराच एक बाजार आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘२००० वॅट पी.एम.पी.ओ.’ असे छापलेले असते. हा आकडा म्हणजे क्षणभरासाठी कागदावर काढलेली कमाल; त्याला ना नियम ना बंधन. विचारायचे ते ‘आर.एम.एस. किती?’ असे. दुकानदाराला सांगता आले नाही तर आपणच हिशेब करावा, कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही जमेल इतका तो सोपा आहे. खोक्याबरोबर येणाऱ्या ॲडॉप्टरवर ‘१२ व्होल्ट, २ अँपिअर’ असे लिहिलेले असते. दोहोंचा गुणाकार २४. त्या खोक्यात २४ वॅटच जात असतील तर सतत १०० वॅट बाहेर कोठून येणार? विहिरीत नाही ते पोहऱ्यात कसे येईल! एका दुकानात मी हा गुणाकार करून दाखविला, तेव्हा मालक म्हणाले, “तुम्ही घेणार नाही, माहीत आहे.” त्यांचा अंदाज बरोबर होता.

कोणी म्हणेल, खोलीत दहा वॅट ठीक, पण स्टेजवर काय? इथेच आपल्या जिल्ह्यातील वस्तुस्थिती पाहिली पाहिजे. आपला गिटारवाला वाजवतो कोठे? महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात, गणेशोत्सवात, १४ एप्रिलच्या भीमगीतांच्या कार्यक्रमात, लग्नातल्या ऑर्केस्ट्रात. फार तर विद्यापीठाच्या केंद्रीय युवक महोत्सवात. या प्रत्येक ठिकाणी मंडपवाल्याचा किंवा साउंडवाल्याचा सरंजाम आधीच उभा असतो. मैदान भरण्याचे काम त्याचे. तुमच्या लहान ॲम्प्लिफायरसमोर गायकाचा असतो तसलाच एक माईक ठेवला की दहा वॅटचा आवाज दहा हजारांच्या सभेपर्यंत जातो. मोठमोठ्या परदेशी वाद्यवृंदांतही गिटारच्या खोक्यापुढे माईकच लावलेला असतो. तेव्हा ॲम्प्लिफायर निवडावा तो आपल्या खोलीसाठी, मैदानासाठी नव्हे.

मग मधले खोके वगळून गिटारची वायर सरळ मंडपवाल्याच्या यंत्रातच का घालू नये? पुष्कळजण तेच करतात आणि मग ‘गिटार बेकार निघाली’ म्हणून दोष देतात. गिटारचा पिकअप फार नाजूक स्वभावाचा असतो. त्याला समोर सुमारे १० लाख ओहमचा अडथळा लागतो. सभेच्या यंत्रातील माईकची जागा बनविलेली असते माईकसाठी, तिचा अडथळा त्या मानाने नगण्य. त्यामुळे पिकअप दबतो, वरचे स्वर मरतात आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. याउलट आवाज फाडणारे पेडल मध्ये घातले तर उलटीच गत. गिटारच्या कर्ण्याची धाव साधारण ५ हजार हर्ट्झपर्यंतच असते, त्याच्या वरची खरखर तो आपोआप गाळतो. सभेचे कर्णे ती इमानेइतबारे ऐकवतात, पत्र्यावर खिळा ओढावा तशी. गिटारच्या खोक्यातील कर्णा हा नुसता आवाज मोठा करणारा नसून वाद्याचाच एक भाग आहे. सतारीचा भोपळा काढून कोणी तिथे डबा लावीत नाही.

आता पैशाविषयी. नावाजलेल्या परदेशी कंपनीचा १० वॅटचा नवा ॲम्प्लिफायर घ्यायचा तर आजमितीस सहा ते दहा हजार रुपये मोजावे लागतात. मधला आकडा म्हणून आठ हजार धरू. आपल्या वर्गातील कित्येकांचे आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात. जानेवारी २०२४ च्या वाटाघाटींनंतर ऊसतोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. आठ हजार म्हणजे जवळजवळ २२ टन ऊस. जोडप्याने दिवसाला दोन टन तोडला तरी दोघांचे अकरा दिवस. हे आकडे मांडले ते कोणाला गिटार सोडायला लावण्यासाठी नव्हे. हौस श्रीमंतांनीच करावी हा विचार मला मुळीच मान्य नाही; उचलीच्या घरातल्या पोरानेही गिटार वाजवावी आणि जोरात वाजवावी. पण अकरा दिवसांच्या घामाचा माल घ्यायचा असेल तर तो नावासाठी घेऊ नये, आणि न लागणाऱ्या वॅटसाठी तर नाहीच नाही.

स्वस्तात काय होऊ शकते? गिटारमध्येच खोचायचा काडेपेटीएवढा हेडफोनचा ॲम्प्लिफायर मिळतो. रात्रीच्या सरावाला उत्तम. पण त्यावर दुसऱ्याबरोबर वाजवता येत नाही आणि संगीत ही काही एकट्याने करायची तपश्चर्या नव्हे. व्हॉल्व्हच्या यंत्रांविषयी बोलायलाच नको. आवाज गोड, पण वजन, किंमत आणि आतला तीन-चारशे व्होल्टचा दाब, तिन्ही आपल्या आवाक्याबाहेर.

माझा स्वतःचा कौल मात्र आणखी एका मार्गाला आहे. तालुक्याच्या गावी रेडिओ-टी.व्ही. दुरुस्त करणारे एखादे जुने दुकान अजून असते. तिथल्या मिस्त्रींना ‘चव्वेचाळीस-चाळीसचा बोर्ड’ म्हणा, ते लगेच डबा उघडतील. एल.ए. ४४४० ही आय.सी.; टेपरेकॉर्डर, टॅक्सी आणि ट्रॅक्टर यांच्यावर हिने एक जमाना राज्य केले. मोटारीच्या बॅटरीवर ती दोन कर्ण्यांना सहा-सहा वॅट किंवा जोडून एका कर्ण्याला सुमारे १९ वॅट देते. शेवटचे काही वॅट फाटक्या आवाजाचे असतात, पण गिटारवाल्याला त्याचे दुःख नसते. बोर्ड दोन-तीनशे रुपयांत येतो. त्याच्या आधी गिटारचा नाजूकपणा सांभाळणारा एक छोटा प्रीॲम्प मात्र हवाच, टी.एल. ०७२ या आय.सी.वर तो होतो, आत येण्याच्या जागी १० लाख ओहमचा रेझिस्टर घालायला मिस्त्रींना आवर्जून सांगावे. आठ इंची कर्णा, सुताराकडून प्लायवूडचे खोके, मागची बाजू अर्धी उघडी. सारे मिळून दोन-अडीच हजारांत बसते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळतात; त्या बाजूला जाणारा कोणी असला तर यादी द्यावी.

हा ॲम्प्लिफायर दिसायला ओबडधोबड होईल, त्याच्यावर कोणा साहेबाचे नाव नसेल. पण बारा व्होल्टच्या बॅटरीवर तो चालतो, म्हणजे वीज गेली तरी गाणे थांबत नाही. बॅटरीवर असताना विजेची ती ५० हर्ट्झची घरघर जवळजवळ नाहीशी होते. बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस चार गल्ल्यांवर असतो. आणि एस.टी.त मांडीवर बसतो. परळीहून बीडला मांडीवर नेता येणार नाही असा ॲम्प्लिफायर विद्यार्थ्याने घेऊ नये, असा माझा एक घरगुती नियम आहे.

बॅटरीचा आणखी एक गुण आहे आणि तो थट्टेचा विषय नाही. गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. म्हणजे वाजवणाऱ्याचा हात सतत त्या यंत्राला लागलेला असतो. यंत्रात गळती असेल आणि अर्थिंग नसेल, किंवा माईकच्या यंत्राचे अर्थिंग तुटले असेल, तर गिटार हातात धरून माईकला ओठ लावणारा मुलगा दोन यंत्रांमधली तार बनतो. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे लेस हार्वी हा ‘स्टोन द क्रोज’चा गिटारवादक असाच, अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून स्टेजवरच गेला, वय अवघे सत्तावीस. आपल्याकडे आकडा टाकून वीज घेतलेल्या मंडपात, दवाने ओल्या झालेल्या सतरंजीवर अनवाणी उभे राहून गाणारी मुले आपण पाहतो. प्लगची तिसरी पिन बोर्डात बसत नाही म्हणून ती कापून टाकलेली मी एका गावी डोळ्यांनी पाहिली आहे. तिथे गिटार न वाजविलेली बरी. ओठांना झिणझिण्या आल्या तर ‘चालतंय की’ म्हणून पुढचे कडवे घेऊ नये, वायर काढावी.

म्हणूनच माझी महाविद्यालयाकडे दोन मागण्या आहेत. एक, सभागृहाच्या रंगमंचावर नीट अर्थिंग असलेले तीन पिनांचे चार सॉकेट आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आर.सी.सी.बी. बसवावा. हा खर्च एका स्नेहसंमेलनाच्या कमानीपेक्षा अधिक होणार नाही. दुसरी, सांस्कृतिक विभागाने दहा-पंधरा वॅटचा एक चांगला ॲम्प्लिफायर विकत घ्यावा आणि जिमखान्यात क्रिकेटची बॅट सही करून मिळते तसा तो विद्यार्थ्यांना द्यावा. प्रत्येकाने आठ-आठ हजार घालण्यापेक्षा हे शहाणपणाचे. महाविद्यालयाच्या भोवतालचे १०० मीटर हे नियमानुसार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकते याची मला जाणीव आहे; तेव्हा तास सुटल्यावर, दारे-खिडक्या लावून आणि आवाज बेताचा ठेवून सराव होईल, ही हमी आम्ही देऊ.

फक्त त्या कपाटाची किल्ली ग्रंथपालांकडे ठेवावी, अशी नम्र विनंती आहे. ते निदान रोज पाच वाजेपर्यंत जागेवर सापडतात.