विलंबाचे व्याज कोणी द्यावयाचे?

वृद्ध लेखिकेचा गौरव झाला की गुणांची कदर अखेर झाली, असे समाधान समाज मानून घेतो. मधल्या वर्षांचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही. कादंबरीकार जीन ऱ्हिस यांचे आयुष्य या दृष्टीने तपासण्यासारखे आहे.

वेस्ट इंडीजमधील डोमिनिका बेटावर १८९० साली जन्मलेल्या जीनबाई १९०७ मध्ये इंग्लंडला आल्या. १९२८ ते १९३९ या काळात त्यांच्या चार कादंबऱ्या निघाल्या. जाणकारांनी त्या वाखाणल्या, पण ग्राहक लाभला नाही. पुढे महायुद्धाच्या धामधुमीत पुस्तके बाजारातून नाहीशी झाली. लेखिका हयात नसावी, असाही अनेकांचा समज झाला. दारिद्र्य, मद्यासक्ती आणि तिसऱ्या पतीचा तुरुंगवास यांत ती वर्षे गेली. १९४९ साली सेल्मा वाझ डायस या अभिनेत्रीने जाहिरात देऊन त्यांचा ठाव काढला. १९५७ मध्ये बीबीसीवरून त्यांच्या कादंबरीचे नभोनाट्य झाले, आणि नव्या कादंबरीवरील हक्कापोटी प्रकाशकाकडून २५ पौंड मिळाले. 'वाइड सारगॅसो सी' ही ती कादंबरी १९६६ साली प्रसिद्ध झाली. तेव्हा जीनबाई ७६ वर्षांच्या होत्या. पुरस्कार आले, पण फार उशिरा, असे त्यांनीच म्हटले.

या हलाखीत त्यांच्या स्वभावाचाही वाटा होता, हे नाकारता येणार नाही. परंतु १९३९ मध्ये ज्यांना गिऱ्हाईक नव्हते, तीच पुस्तके १९६६ नंतर पुन्हा छापली गेली. पुस्तके बदलली नव्हती; बाजाराचा अंदाज चुकला होता. त्या चुकीची किंमत मात्र लेखिकेने भरली. शिवाय गरजूला सौदा करण्याची ताकद नसते. १९६३ मध्ये त्यांनी आपल्या कृतींच्या रूपांतरांचे निम्मे उत्पन्न त्याच अभिनेत्रीच्या नावे लिहून दिले होते.

ग्रंथालयातून पुस्तक वाचले गेल्यास लेखकाला सरकारकडून मोबदला देणारा कायदा ब्रिटनमध्ये मार्च १९७९ मध्ये संमत झाला; जीनबाई त्याच वर्षी मे महिन्यात निवर्तल्या. पहिले पैसे वाटले गेले ते १९८४ मध्ये. भारतात असा हक्क अद्याप नाही. छापील प्रती संपल्यावरही ग्रंथालयात पुस्तक वाचले जाते, पण त्यातून लेखकाच्या पदरी काही पडत नाही. पुरस्काराची रक्कम वाढविण्यापेक्षा हा नियमित, अल्प का होईना, मोबदला अधिक मोलाचा ठरेल. सत्कार एक दिवसाचा असतो. घरभाडे दर महिन्याला द्यावे लागते.