कंपनीची मेडिकल आणि संधिवात : नव्या कामगार संहितेनंतर तयारी कशी करावी?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी ‘व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२०’ ही आपल्या आजच्या विषयाशी संबंधित आहे. तिच्या कलम ६ नुसार ठरावीक वयाच्या किंवा ठरावीक वर्गातल्या कर्मचाऱ्यांची वार्षिक आरोग्य तपासणी मालकाने मोफत करून द्यायची आहे. संहिता लागू करताना केंद्र सरकारने चाळिशी ओलांडलेल्या सर्व कामगारांना ही तपासणी मिळेल असे जाहीर केले.

निर्णय चांगला आहे. आपल्याकडे रक्तदाब आणि मधुमेह बऱ्याचदा चुकूनच सापडतात, त्यामुळे दरवर्षी कोणीतरी तपासणे हा फायदाच आहे. पण चाळिशीनंतरचा काळ म्हणजे गुडघ्यांची झीज सुरू होण्याचा काळ. आमवात (र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असलेल्यांचा आजारही तोवर बऱ्याचदा काही वर्षे जुना झालेला असतो. मग वांद्र्यात दवाखान्यात बसल्यावर हमखास ऐकू येणारा प्रश्न असा : ‘डॉक्टर, कंपनीची मेडिकल आलीय. संधिवाताचं सांगू की नको? अनफिट केलं तर?’

भीती अगदीच निराधार नाही. कलम ६ तपासणी करायला सांगते. तपासणीत काही निघाल्यावर कर्मचाऱ्याचे पुढे काय, हे ते कलम सांगत नाही. ते उत्तर दुसऱ्या कायद्यात आहे आणि त्याकडे मी पुढे येतो. आधी तयारीचे बघू, कारण संधिवाताच्या बाबतीत तपासणीचा निकाल बराचसा तुम्ही काय घेऊन जाता आणि काय सांगता यावर ठरतो.

आधी पत्र नीट वाचा

‘मेडिकल’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात. नोकरीला लागतानाची तपासणी, वर्षाची सर्वसाधारण तपासणी, आणि तुम्ही वारंवार रजा घेतल्यामुळे किंवा कामात अडचण दिसल्यामुळे कंपनीने खास पाठवलेली तपासणी. तिसऱ्या प्रकारात डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारलेला असतो : हा माणूस हे काम करू शकतो का? पत्रात उद्देश लिहिलेला नसेल तर एचआरला ईमेल करून विचारा आणि उत्तरही लेखीच मागा. अहवाल कोणाकडे जाणार, त्यात निदान आणि औषधे लिहिली जाणार की फक्त कामाची क्षमता, हेही संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारायला हरकत नाही.

विशेष तपासणी शक्यतो औद्योगिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडे व्हावी. एएफआयएच हा त्यासाठीचा अभ्यासक्रम आहे आणि शीवच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्येही तो शिकवला जातो. असे डॉक्टर मोठ्या कारखान्यांत असतात. बीकेसीतल्या कार्यालयांसाठी मात्र बहुतेक वेळा एखादी तपासणी प्रयोगशाळाच येते. तिथे तुमच्यासमोर बसलेल्या डॉक्टरला तुमचे काम काय आहे याची कल्पना नसते. ती तुम्हीच द्यायची असते.

आजारापेक्षा काम सांगा

ही या लेखातली सर्वांत उपयोगाची गोष्ट आहे. ‘मला आमवात आहे’ या वाक्यातून डॉक्टरला कामाबद्दल काहीच कळत नाही. आमवात असलेला एक माणूस रोज लोकलने चर्चगेट गाठून आठ तास काम करतो, दुसऱ्याला सकाळी शर्टाचे बटण लावता येत नाही. म्हणून तपासणीच्या आधी दोन आठवडे एका वहीत रोज चार ओळी लिहा. सकाळी आखडलेपणा किती वेळ राहिला, कोणत्या सांध्याला सूज होती, त्या दिवशी कोणते काम जमले नाही, आणि काय केल्यावर जमले.

शेवटचा भाग लोक विसरतात. बँकेतल्या कॅशियरच्या बोटांना नोटा मोजताना त्रास होतो, पण मोजणी यंत्र जवळ ठेवले की काम होते. सुरक्षारक्षकाला बारा तास उभे राहणे जमत नाही, पण दर अर्ध्या तासाने स्टूलवर पाच मिनिटे बसू दिले तर जमते. पालिका शाळेतल्या शिक्षिकेला शिकवण्यात अडचण नाही. तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग अडचणीचा आहे. हॉटेलच्या स्वयंपाकघरात भाजी चिरण्यापेक्षा भरलेले पातेले उचलणे मनगटाला जड जाते. अडचण इतकी नेमकी सांगितली की तिच्यावरचा उपायही समोर दिसू लागतो.

वेळेचाही एक घोटाळा असतो. दाहक संधिवातात सकाळचा आखडलेपणा अर्धा तास, तासभर, कधी त्याहून जास्त टिकतो आणि दुपारपर्यंत माणूस मोकळा होतो. तपासणी साडेअकराला असेल तर तुमची मूठ घट्ट वळते, पकड चांगली भरते आणि डॉक्टर ‘नॉर्मल’ लिहून मोकळे होतात. झिजेच्या संधिवातात याच्या उलट, दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी गुडघा बोलू लागतो. तेव्हा तपासणीच्या वेळी जे दिसते तेवढेच खरे नाही, हे स्वतःहून सांगा आणि वही दाखवा. दुखणे वाढवूनही सांगू नका आणि लपवूनही नको. बसताना, उठताना, पिशवी उचलताना तुम्ही कसे वागता हे अनुभवी डॉक्टर बघत असतातच.

औषधे बंद करू नका, वाढवूही नका

तपासणीत औषध ‘पकडले’ जाईल म्हणून काही जण आठ-दहा दिवस आधी गोळ्या बंद करतात. मेथोट्रेक्सेट किंवा सल्फासॅलाझिन असे मध्येच थांबवले की आजार उसळू शकतो, आणि तोही नेमका तपासणीच्या सुमारास. काही जण त्या दिवशी चांगले दिसावे म्हणून वेदनाशामक गोळ्यांचा दुप्पट डोस किंवा स्टेरॉइड घेऊन येतात. वेदनाशामकांनी रक्तदाब आणि क्रिएटिनिन वाढू शकते. स्टेरॉइडने साखर आणि पांढऱ्या पेशी वाढतात. म्हणजे संधिवात झाकायला गेलात आणि कागदावर मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास उमटला. औषधांची यादी डोससकट लिहून न्या. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेण्याचे औषध आहे, ते यादीत वारासकट लिहा. फॉर्म भरणाऱ्याने ते ‘रोज’ असे लिहिले तर पुढे गोंधळ होतो, आणि रोज घेतले तर ते जिवावर बेतू शकते. रक्ताच्या आणि यकृताच्या शेवटच्या तपासण्या जोडा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर डोळ्यांच्या तपासणीचा कागदही.

प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे किंवा बायोलॉजिक इंजेक्शने घेत असाल आणि काम रुग्णालयात असेल, तर क्षयरोगाच्या वॉर्डातली ड्युटी हा बोलायचा मुद्दा आहे. तो नक्की काढा.

वार्षिक तपासणीच्या पॅकेजमध्ये हल्ली ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’ घुसवलेली असते. मला ती फारशी पटत नाही. आरए फॅक्टर काही निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येतो, क्षयरोग किंवा हिपॅटायटिस सी यांसारख्या जुन्या संसर्गांतही येतो; आणि आमवात असलेल्या काहींत निगेटिव्ह येतो. युरिक अॅसिड वाढलेले असले म्हणजे गाऊट झालाच असे नाही. एक्स-रेमधली गुडघ्याची झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचाही मेळ अनेकदा बसत नाही. सांधा दुखत नसेल, सुजलेला नसेल, तर केवळ अशा आकड्यावरून कोणालाही आजारी किंवा कामाला नालायक ठरवता येत नाही.

‘हलके काम द्यावे’ हे वाक्य टाळा

तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून पत्र न्यायचे असते. आम्हा डॉक्टरांची सवय अशी की ‘संधिवाताचे रुग्ण, उपचार चालू, हलके काम द्यावे’ एवढ्यात पत्र संपते. या पत्राचा उपयोग कमी आणि अपाय जास्त. एचआर म्हणते, आमच्याकडे हलके काम नाही, विषय संपला. पत्रात निदान, कधीपासून, सध्या किती आटोक्यात, औषधे, नेमक्या मर्यादा, सुचवलेले बदल आणि फेरतपासणीची तारीख हवी. उदाहरणार्थ : ‘सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त उभे राहू नये, बसायला स्टूल द्यावे; पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये; शक्य असल्यास सकाळची पहिली पाळी नको; तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.’ असे पत्र डॉक्टरांकडून आग्रहाने मागून घ्या. जुने कागद हरवले असतील तर रुग्णालयाकडे लेखी अर्ज करा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार नोंदी ७२ तासांत द्यायच्या असतात.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०१० पासून डॉक्टर जी ‘फिट नोट’ देतात तिच्यात ‘कामाला अयोग्य’ याबरोबर ‘बदल केल्यास कामाला योग्य’ असाही पर्याय असतो : टप्प्याटप्प्याने कामावर परतणे, वेळ बदलणे, कामाचे स्वरूप बदलणे, जागेत सोयी करणे. आपल्याकडचे प्रमाणपत्र बहुधा फिट किंवा अनफिट एवढ्यावरच थांबते. तो तिसरा पर्याय डॉक्टरांच्या पत्रातून तुम्हालाच आणावा लागतो.

आणि ‘अनफिट’ आलेच तर

इथे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ कामाला येतो. त्याच्या यादीत ‘संधिवात’ असे नाव नाही, पण सांध्यांमुळे हालचालीवर दीर्घकाळ मर्यादा आली तर ते चलनवलनविषयक दिव्यांगत्व ठरू शकते. आरक्षणासारख्या सवलतींना ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते. वाजवी सोय मागायला मात्र ती अट नाही. ‘विकास कुमार विरुद्ध यूपीएससी’ या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. त्या उमेदवाराला हाताच्या त्रासामुळे लेखनिक हवा होता. बोटे वाकडी झालेल्या माझ्या रुग्णांना मी हा निकाल आवर्जून सांगतो.

सरकारी आस्थापनांसाठी कलम २० आणखी पुढे जाते. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही की पदावनत करता येत नाही. आधीचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे, आणि जागा नसेल तर जादा पद निर्माण करून सामावून घ्यायचे. वांद्र्याच्या रेल्वे वसाहतीत हे नवे नाही. रेल्वेत ए-१ ते सी-२ अशा वैद्यकीय श्रेणी आहेत, आणि वरच्या श्रेणीत न बसणारा कर्मचारी ‘डीकॅटेगराइज’ होऊन दुसऱ्या कामावर जातो. १ ऑगस्ट २०२५ रोजी तेलंगणाच्या राज्य परिवहन महामंडळातील रंगांधळ्या चालकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पर्यायी काम न शोधता त्याला घरी बसवणे चुकीचे ठरवले आणि योग्य पदावर घ्यायला सांगितले.

खासगी नोकरीत कलम २० चे हे थेट संरक्षण नाही, आणि बीकेसीत काम करणाऱ्या माझ्या वाचकांनी हे गृहीत धरूनच चालावे. तरी कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेला, खासगीलाही, समान संधी धोरण जाहीर करावे लागते. ते मागा. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर कोणत्या सोयी देणार हे त्यात लिहिलेले असायला हवे. तुमची मागणी त्या धोरणाचा संदर्भ देऊन, डॉक्टरांचे पत्र जोडून करा.

अनफिटचा शेरा मिळाला तर प्रत मागा आणि कोणत्या कामाला अनफिट, किती काळासाठी, हे लेखी विचारा. त्या दिवशी राजीनाम्यावर किंवा स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करू नका, कितीही समजुतीच्या सुरात सांगितले तरी. स्वतःहून नोकरी सोडल्याचा कागद झाला की वरच्या तरतुदींचा आधार घेणे फार कठीण होते. दाद मागायची तर दिव्यांगत्वाच्या बाबतीत पुण्यात राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. तपासणीच दिली नाही किंवा तिचे पैसे पगारातून कापले, अशी तक्रार असेल तर बहुतेक खासगी आस्थापनांसाठी राज्याची कामगार यंत्रणा आहे, आणि तिचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे. रेल्वे, बँका आणि विमा कंपन्या केंद्राच्या अखत्यारीत येतात. तिथल्या कर्मचाऱ्यांनी केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जावे.