मोऱ्याचे पाणी आणि मनाचे स्वास्थ्य

स्वास्थ्य म्हणजे ध्यान, श्वसन आणि झोपेची मोजदाद, असा जो समज अ‍ॅप विकणाऱ्या कंपन्यांनी रूढ केला आहे, तो उरणच्या नित्य जीवनाकडे पाहता किती अपुरा आहे, हे निदर्शनास आणण्यासाठी हे पत्र.

12 जानेवारी 2024 रोजी उरणला रेल्वे आली, तरी येथील मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच ही आजही अनेक चाकरमान्यांची वहिवाटीची वाट आहे. बंदरात गाळ साचत असल्यामुळे उधाणाच्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागणे कठीण होते. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी बाराच्या आसपास येत असल्याने पाणी तळाला जाते ते संध्याकाळी सहाच्या आसपास, म्हणजे ऐन परतीच्या वेळी. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा हिशेब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ आहे, पण मुंबईत नोकरीस जाणाऱ्या त्यांच्या सुनेला तो ठाऊक नसतो, आणि मग धक्क्यावर पिशवी सावरीत ती घरी फोन करून विचारते, "मोऱ्याला पाणी आहे का?" घरी तान्हे मूल असेल तर त्या प्रश्नामागची घालमेल ध्यानाच्या कोणत्याही ध्वनिफितीने शमणारी नाही, तिला खरे उत्तरच हवे.

ते देणारे अ‍ॅप अगदी लहान असू शकते. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टके दरवर्षी प्रसिद्ध करतो. मुंबईच्या वर्षभराच्या नोंदी सुमारे 1,400 होतात, आणि त्या एका साध्या छायाचित्राहूनही कमी जागेत मावतात. एकदा फोनमध्ये उतरविल्या की भर समुद्रात इंटरनेट नसतानाही त्या दिसतील, आणि त्यासाठी प्रवाशाचे नाव, क्रमांक वा ठावठिकाणा विचारण्याचे काहीच प्रयोजन नाही. लोकलचे वेळापत्रक लोकांच्या खिशात आणणारे एम-इंडिकेटर सचिन टेके या मराठी तरुणाने उभे केले, हे आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

याउलट मनाचे सांत्वन करू म्हणणाऱ्यांचा व्यवहार पाहावा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2023 मध्ये बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन करणाऱ्या कंपनीस, ग्राहकांची मानसिक आरोग्यविषयक माहिती जाहिरातीसाठी फेसबुकादी कंपन्यांना पुरविल्याच्या आरोपावरून, 78 लाख डॉलर भरावयास लावले. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ऑनलाइन व्यवहारातील फसव्या रचनांचे 13 प्रकार निषिद्ध ठरविले. त्यांत वारंवार टोचणी लावणे आणि नकार देणाऱ्यास लाजविणे हेही आहेत. दुःखी माणसाला "तुम्ही तीन दिवस आला नाहीत" असे बजावणारे अ‍ॅप त्याच्या स्वास्थ्याची नव्हे, आपल्या हजेरीपटाची काळजी वाहते, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाहिरात नाही, माहितीची विक्री नाही, तर खर्च कोणी सोसायचा, हा आक्षेप रास्त आहे. परंतु रस्त्यावरचा दिवा आणि बंदरावरचा सूचनाफलक ज्या तरतुदीतून उभे राहतात, तिच्यातच या कामाची जागा आहे. खरी अडचण पैशाची नसून जबाबदारीची आहे. कोष्टक केवळ पाण्याची वेळ सांगते. वारा, गाळ आणि तांडेलाचा निर्णय त्यात नसतो, आणि चुकीची वेळ दाखविणारे अ‍ॅप नसलेल्या अ‍ॅपहून घातक असते. म्हणून महाराष्ट्र सागरी मंडळाने मोरा बंदरावर एका कर्मचाऱ्याकडे फेरी रद्द झाल्याची नोंद तत्काळ जाहीर करण्याचे काम लेखी हुकुमाने सोपवावे, उरण नगरपरिषदेने त्या नोंदीवर आधारलेले मराठी अ‍ॅप येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून मानधन देऊन करून घ्यावे, त्याचा मूळ संगणकीय कोड सर्वांस तपासण्यास खुला ठेवावा, आणि शेवटची नोंद कधी झाली ती वेळ पहिल्याच पडद्यावर ठळक दाखवावी.

आपला,
एक उरणकर