जुन्या बॅटरीचा भाव लेबलवर की मिनिटांवर?

चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र 2920 मेगावॅटचे आहे. पण त्याच चंद्रपूरहून निघालेला आपला मिस्त्री एटापल्ली किंवा भामरागडकडे दरवाजे बसवायला जातो, तेव्हा विजेच्या भरवशावर जात नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, तिथे लाइनची काय कथा? म्हणून बॅटरीवरचे ड्रिल, ग्राइंडर, स्क्रू मशीन आता सुतारांच्या, अ‍ॅल्युमिनियमवाल्यांच्या आणि कूलर फिटिंग करणाऱ्यांच्या पिशवीत आले आहे. नवी बॅटरी महाग पडते. मग जुनी घेतली जाते आणि इथेच कारागीर बुडतो.

दुकानदार मीटर लावून दाखवतो, काटा वीस व्होल्टच्या वर. ‘एकदम टाइट माल आहे, भाई.’ खोटे तो बोलत नाही. 18 व्होल्टच्या बॅटरीत पाच सेल ओळीने जोडलेले असतात, प्रत्येक पूर्ण भरला की 4.2 व्होल्ट, एकूण 21. पण व्होल्ट सांगतो तो रांजण किती भरला आहे एवढेच. तळाशी गाळ किती साचला, हे काठावरून दिसत नाही. मी स्वतः असाच फसलो. मीटरवर 20.4 पाहून घेतलेली बॅटरी सागाच्या चौकटीत चौथा स्क्रू जाईना. मजुरी गेली, शिवाय गिऱ्हाइकासमोर मान खाली गेली.

खरी परीक्षा ओझ्याखालीच होते, आणि तिला महागडे यंत्र लागत नाही. मोटारीच्या हेडलाइटचे 12 व्होल्ट, 55 वॅटचे दोन बल्ब एकापुढे एक जोडावेत. पूर्ण चार्ज केलेल्या 18 व्होल्टच्या बॅटरीवर ते लावले की सुमारे 4 अँपिअर प्रवाह वाहतो. मीटर लावून ठेवावा, घड्याळ पाहावे आणि 15 व्होल्ट होताच बल्ब काढावेत. लेबलवर 4 अँपिअर-अवर लिहिले असेल तर चांगली बॅटरी तासाच्या आसपास चालेल. पाऊण तास चालली तर ती बारा आणे उरली आहे. अर्ध्या तासात बसली तर आठ आणे, मग भावही आठ आण्यांचाच असावा. बल्ब लावताच व्होल्ट किती खाली येतो तेही पाहावे. अर्ध्या व्होल्टच्या आसपास उतरला तर हरकत नाही, दीड-दोन व्होल्ट कोसळला तर आतले सेल थकले आहेत. एक मात्र ध्यानात ठेवावे. बऱ्याच बॅटऱ्यांत स्वतःहून बंद होण्याची सोय नसते, ती यंत्रात असते. बल्ब लावून नमाजला किंवा जेवायला जाऊ नये. आणि ही परीक्षा भुशाच्या ढिगाजवळ तर मुळीच नको, बल्ब चांगलाच तापतो.

एक लबाडी मात्र बल्बलाही सापडत नाही. लॅपटॉपमधून काढलेले सेल ड्रिलच्या डब्यात भरून विकले जातात. ते 4 अँपिअर सावकाश देतात, मिनिटेही बरी भरतात. पण सागात जाड बिट अडकले की ड्रिल 20-30 अँपिअर ओढते, आणि तिथे हे सेल हात टेकतात. म्हणून शेवटची परीक्षा फळीवरच घ्यावी. दुसरी गोष्ट तराजूची. नेहमीच्या 18650 मापाचा सेल 45 ग्रॅमच्या आसपास भरतो. दहा सेल सांगून पाच भरलेला डबा हातातच हलका लागतो. 48, 88 किंवा 128 असे मोठे आकडे छापलेल्या स्वस्त डब्यांतही बहुधा तेच पाच सेल असतात.

आपल्या भागाचा उन्हाळा वेगळाच. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, आणि बहुतेक लिथियम सेलना चार्ज करण्याची मर्यादाही 45 अंशच असते. पत्र्याखाली दुपारी चार्ज केलेली, गाडीच्या डिकीत पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी इथे लवकर म्हातारी होते. त्यामुळे लेबलवरची तारीख पाहून वय ठरवू नये. वर्षभर पडून राहून ज्याचा सेल दोन व्होल्टच्या खाली गेला, ती बॅटरी तर ‘जिवंत’ करून विकूच नये. अशा सेलच्या आत तांबे विरघळलेले असू शकते, पुन्हा चार्ज केल्यावर आतल्या आत शॉर्ट होऊन तो पेट घेऊ शकतो. ज्याच्या दुकानात भुसा, पॉलिश आणि थिनर एकत्र नांदतात, त्याला याहून अधिक सांगायला नको.

व्यापारी बंधू म्हणतील, एका बॅटरीला तासभर कोण बसणार? दहा जोड्या बल्ब लावा, एका माणसात दहा तपासल्या जातात. तपासणीचे पैसे वेगळे घ्या, कारागीर खुशीने देईल. आज न तपासलेल्या मालामुळे चांगल्या बॅटरीलाही पडका भाव मिळतो, कारण घेणारा सगळ्यांनाच संशयाने पाहतो. त्यात नुकसान इमानदार दुकानदाराचेच आहे. मालातला ऐब ठाऊक असून झाकणे याला आपल्याकडे कधी व्यापार म्हटलेले नाही. आणि तपासलेच नाही म्हणून ठाऊक नाही, ही सबब मला तरी पटत नाही.

कायद्याचेही पाहावे. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत लिथियम बॅटऱ्याही आल्या. जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करून विकण्याचा धंदा करणाऱ्याला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि वाया गेलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही. नापास झालेला माल टोकांना चिकटपट्टी लावून वेगळा ठेवावा आणि नोंदणीकृत गोळा करणाऱ्याकडेच द्यावा. भंगारात हातोडीने फोडायला तो देऊ नये.

बल्लारपूर, वडसा, अहेरीच्या दुकानदारांनी सुरुवात म्हणून बिलावर एक ओळ वाढवावी: ‘4 एएच, दोन बल्बवर 15 व्होल्टपर्यंत 43 मिनिटे, तपासल्याची तारीख अमुक, सात दिवसांत परत.’ सात दिवस यासाठी, की आतून गळणारा सेल पहिल्या दिवशी कळत नाही. भरून ठेवल्यावर आठवड्यात त्याचा व्होल्ट इतर चारांच्या मागे पडतो.