खाजकुइलीचे बी

खाजकुइलीचे नाव काढले, की कोकणातल्या माणसाचा हात आपोआप मानेकडे जातो. शेंगेवरची ती सोनेरी लव दिसायला मखमलीसारखी. पण वाऱ्याने अंगावर उडाली, की जीव नकोसा करते. मग गावाकडे ओले शेण फासून बसावे लागते! माकडालाही खाज आणणारी म्हणून संस्कृतात ती कपिकच्छू, आणि स्वतःचे रक्षण स्वतःच करणारी म्हणून आत्मगुप्ता. नावे ठेवावीत ती आपल्या पूर्वजांनीच.

शेंगेतल्या टपोऱ्या, चकचकीत बिया काष्ठौषधींच्या दुकानात कवचबीज म्हणून मिळतात. वैद्य त्या दुधात शिजवून, साल काढून मग चूर्ण करतात. ते ‘शक्तिवर्धक’ म्हणून खपवले जाते, त्याविषयी न लिहिलेलेच बरे. मला लिहायचे आहे कंपवाताविषयी.

एक भगिनी विचारतात : सासऱ्यांना कंपवात आहे, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. शेजारच्या काकू म्हणतात, रोज चमचाभर कवचबीज दुधातून द्या. द्यावे काय?

काकूंचे म्हणणे निराधार नाही. १९३७ साली मद्रासला दामोदरन व रामस्वामी यांनी याच बियांतून लेव्होडोपा वेगळे काढले. कंपवातात मेंदूतले डोपामिन कमी पडते. ते पोटातून दिले तर मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरते आणि तिथे त्याचे डोपामिन होते. २००४ साली लंडनला चूर्ण देऊन पाहिले, तेव्हा नेहमीच्या औषधापेक्षा गुण लवकर दिसला. रुग्ण मात्र अवघे ८ होते.

आणि नेमके म्हणूनच माझे उत्तर ‘नको’ असे आहे. सासऱ्यांच्या गोळीतही बहुधा लेव्होडोपाच असेल. वर चमचाभर चूर्ण म्हणजे तेच औषध दुसऱ्यांदा, तेही न मोजता; कारण सगळ्या बियांत त्याचे प्रमाण सारखे नसते. मळमळ, उठताना रक्तदाब घसरून झोक जाणे, अंगाचे नको ते हेलकावे, भास होणे. म्हातारे माणूस पडले, की घरचे ‘वय झाले’ म्हणतात आणि पुडीकडे कोणाचे लक्ष जात नाही!

चूर्ण दिलेच असेल, तर किती नि केव्हा ते डॉक्टरांना सांगा, पुडीही दाखवा. गोळ्या मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नका, ते फार धोक्याचे. राहता राहिला काकूंचा दुधाचा पेला. प्रथिनांमुळे काही रुग्णांत गोळीचा गुण कमी येतो. तेव्हा गोळी आणि दूध यांत किती अंतर ठेवावे, तेही त्याच भेटीत विचारून घ्या.