जतन म्हणजे नुसता रंग मारणं नव्हे!

दोस्तांनो, जुनं यंत्र 'जपून ठेवायचं' म्हणजे आपण काय करतो? झकास रंग मारायचा, भोवती साखळी लावायची आणि 'हात लावू नये' अशी पाटी ठोकायची. झालं जतन! मला विचाराल तर हे निम्मंच काम आहे. हे मी अमेरिकेतल्या 'बिग बॉय' इंजिनांच्या जोरावर म्हणतोय.

युनियन पॅसिफिक रेल्वेला युटामधल्या वासाच डोंगरातून ३,६०० टनांच्या मालगाड्या चढवायच्या होत्या, तेही मदतीला दुसरं इंजिन न जोडता. त्यासाठी अल्को कंपनीने १९४१ मध्ये २० आणि १९४४ मध्ये ५ अशी एकूण २५ इंजिनं बांधली. कारखान्यातल्या कुणा कामगाराने एका इंजिनाच्या तोंडावर खडूने 'बिग बॉय' लिहिलं आणि तेच नाव चिकटलं! टेंडरसकट वजन सुमारे ५४० टन, लांबी १३२ फुटांवर. एवढं धूड वळणार कसं? तर बॉयलर एकच, पण त्याखाली आठ-आठ मोठ्या चाकांचे दोन संच. मागचा संच बॉयलरला पक्का आणि पुढचा बिजागरीवर फिरणारा. कागदावर सोप्पं वाटतं. पण हलणाऱ्या पुढच्या संचाला ३०० पीएसआयची वाफ गळती न होता पोचवायची, हे करून बघा म्हणजे कळेल.

१९५९ च्या जुलैमध्ये या इंजिनांनी शेवटची मालगाडी ओढली. ती काही फेल झाली नव्हती. डिझेल इंजिनाला ना राख काढायची भानगड, ना वाटेत पाणी भरायची, ना बॉयलर धुवायची. हिशोबात वाफ हरली. २५ पैकी ८ इंजिनं उरली आणि डेन्व्हर, सेंट लुईस, स्क्रँटन, ग्रीन बे अशा ठिकाणी जाऊन उभी राहिली. साखळी आणि पाटी!

त्यातलंच एक ४०१४. कॅलिफोर्नियात पोमोना इथे ते पन्नासेक वर्षं उभं होतं. २०१३ मध्ये रेल्वेने ते परत घेतलं. पार्किंगच्या जागेवर तात्पुरते रूळ अंथरून ते बाहेर काढलं आणि २०१४ मध्ये वायोमिंगमधल्या शायॅनच्या वर्कशॉपला नेलं. तिथे पार सांगाडा उघडा करून पुन्हा जुळवलं आणि २०१९ च्या मे महिन्यात ते स्वतःच्या वाफेवर धावलं. २०२३ मध्ये तर नेब्रास्कात अडकून पडलेल्या एका मालगाडीला त्याने मागून धक्का देऊन हलवलं. म्हातारा अजून कामाचा आहे म्हणायचा!

आता कुणी म्हणेल, "एवढा पैसा कशाला? शिवाय कोळशाऐवजी तेलावर चालवलंत, पार्ट बदललेत, मग ते अस्सल कुठे राहिलं?" दुसरा मुद्दा मला पटतो. चालणारं यंत्र झिजतं आणि दर दुरुस्तीला त्यातलं थोडं जुनेपण जातं, हे खरंच आहे. पण न चालणाऱ्या यंत्रातूनही काहीतरी जातंच, फक्त ते दिसत नाही. ते म्हणजे माणसांच्या हातातलं कसब. बॉयलरच्या आतले स्टेबोल्ट कसे बदलायचे, वाफेचा दाब कसा सांभाळायचा, आवाजावरून बिघाड कसा ओळखायचा, हे कुठल्याच ड्रॉइंगवर पूर्ण लिहिलेलं नसतं. ते एका माणसाकडून दुसऱ्याने शिकायचं असतं. मधली एक पिढी चुकली की खेळ खलास. आपण वर्कशॉपमध्ये फायलिंगचा जॉब करतो तेव्हा हेच अनुभवतो ना? जर्नल कितीही सुंदर लिहा, जॉब काटकोनात येतोच असं नाही!

म्हणून माझं मत असं : आठातलं एक पळवा, सात तशीच राहू द्या. त्या सातांना कमी लेखू नका. मूळ रचना कशी होती हे बघायला उद्या त्यांच्याकडेच जावं लागेल. आणि पन्नास वर्षं कुणीतरी ४०१४ भंगारात न घालता सांभाळलं, म्हणून तर ते आज धावतंय. पण आठही नुसती उभीच राहिली असती, तर आपल्याकडे लोखंड उरलं असतं आणि विद्या गेली असती. इंजिनीअरला हा सौदा परवडणारा नाही.