पहिली टोपी

थंडीची चाहूल लागली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी मुलांच्या अभ्यासाबद्दल विचारणाऱ्या भगिनी नोव्हेंबरपासून एकच मागणी करतात : "आपा, घरी विणकाम शिकायचे आहे, स्वेटरचा सोपा नमुना द्या." आम्ही ही मागणी दरवर्षी टाळत आलो. कारण सांगायला हरकत नाही. आमच्या कपाटात निळ्या लोकरीच्या स्वेटरचा पाठीचा भाग आणि दीड बाही आजही पडून आहे. ज्याच्यासाठी तो घातला होता ते चिरंजीव यंदा अकरावीत आहेत.

नव्या माणसाने स्वेटरने सुरुवात करू नये. पुढचा भाग, मागचा भाग, दोन बाह्या, गळा, हे सगळे एकमेकांशी जुळावे लागते आणि हात अजून बसलेला नसतो. शिवाय आमच्या कोकणात स्वेटर घालण्यासारखे दिवस असतात किती? पहिली वस्तू लहान असावी, घरात रोज लागणारी असावी आणि चुकली तर उसवताना जिवावर येऊ नये. आमच्या मते अशा वस्तू दोनच. एक म्हणजे चुलीवरचे पातेले धरायचे चौकोनी फडके आणि दुसरी नमाजची टोपी.

सुरुवात क्रोशाने करावी. घरात आमच्या अम्मी 'क्रोशिया' म्हणत, शाळेत शिवणाच्या बाई 'क्रोशा' म्हणत. शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ लहानसा आकडा. सुई एकच, टोकाला आकडा असलेली, आणि सुईवर उघडा टाकाही बहुतेक वेळ एकच. याचा फायदा घरात लहान मूल असलेल्या बाईलाच कळेल. दोन सुयांच्या विणकामात सुईवर तीस-चाळीस टाके एकदम बसलेले असतात. मुलाने सुई ओढली की सगळे खाली. क्रोशाची सुई ओढली तर एक टाका सुटतो, तो परत उचलता येतो.

सामान अगदी थोडे. 3 मिलिमीटरची क्रोशाची सुई आणि चार पदरी सुती दोरा. शिकताना दोरा फिक्या रंगाचा घ्यावा. काळ्या दोऱ्यात टाके दिसत नाहीत आणि नवशिकी उगाच आपल्या डोळ्यांना दोष देते. पांढरा दोरा घेतला तर मांडीवर एखादी गडद ओढणी पसरावी, वीण उठून दिसते. दोरा घेताना एक गुंडी जास्तच घ्यावी आणि सगळ्या एकाच लॉटच्या आहेत का ते वेष्टनावर पाहावे. पांढऱ्यातही पांढरे असते. अर्ध्यात दोरा संपला आणि नंतर दुसरा आणला की टोपीवर सरळ पट्टा दिसतो. पातेल्याच्या फडक्याला लोकर वापरू नका. बाजारातली स्वस्त 'लोकर' बहुधा ॲक्रिलिकची असते, ती गरम भांड्याला लागली की वितळून चिकटते, हातालाही आणि भांड्यालाही.

आता फडके. दोऱ्याचा फास करून सुईवर घ्या, दोरा सुईवर टाका आणि फासातून ओढा. ही एक साखळी. अशा 31 साखळ्या घाला, फार घट्ट नको. आता सुईपासून दुसऱ्या साखळीत सुई घाला, दोरा ओढून घ्या, सुईवर दोन फास होतील. पुन्हा दोरा घेऊन दोन्हीतून एकदम ओढा. याला मुका खांब म्हणतात. ओळ संपेपर्यंत 30 मुके खांब व्हायला हवेत. मग एक साखळी घाला, काम उलटे फिरवा आणि पुन्हा 30. उंची रुंदीइतकी झाली की थांबा. असे दोन तुकडे करून एकमेकांवर ठेवून चारी बाजूंनी शिवले की जाड फडके तयार.

यात चूक एकच होते आणि सगळ्यांचीच होते. चौकोन हळूहळू समोशासारखा त्रिकोणी होत जातो. ओळीचा शेवटचा टाका कडेला दबलेला असतो, तो राहून जातो. पुढच्या ओळीत आणखी एक. म्हणून पहिल्या दहा ओळी तरी प्रत्येक ओळीचे टाके तोंडाने मोजावेत. शेजारीण बोलायला आली असेल तर तिला दोन मिनिटे थांबवावे.

दोन सुयांचीच हौस असेल त्यांनी पहिल्या महिन्यात फक्त सुलट टाके शिकावेत. सुतीच दोऱ्याने 30 टाके घालून दोन्ही बाजूंनी सुलटच विणत जायचे, कापड पसरट राहते, कडा वळत नाहीत. भांडी पुसायला उत्तम. एक बाजू सुलट आणि एक उलट विणली तर कापड सुंदर दिसते, पण सुरळी होऊन गुंडाळते आणि नवशिकीला वाटते आपले चुकले. चुकलेले नसते, त्या विणीचा तो स्वभावच आहे.

फडके झाले की टोपी. पांढरी जाळीची टोपी बाजारात यंत्राची स्वस्त मिळते, मग विणायची कशाला, असे आमचे यजमानच विचारतात. उत्तर त्यांच्याच डोक्यावर आहे. यंत्राची टोपी ठरावीक मापात येते, आणि डोकी ठरावीक मापात येत नाहीत. मुंबई-पुण्याच्या बोहरी घरांत पांढऱ्या दोऱ्याच्या आणि सोनेरी नक्षीच्या टोप्या बायका घरीच विणतात. ती नक्षी म्हणजे टाक्यांची चोख मोजदाद. आपल्याला तिथवर जायचे नाही, साधी टोपी करायची आहे.

आधी डोक्याचा घेर मोजा. कानांच्या वरून, कपाळावरून टेप फिरवा. समजा 54 सेंटिमीटर आला. सुती वीण थोडी ताणते, म्हणून टोपी 52 ची धरू. टोपीचा माथा म्हणजे एक वर्तुळ. परीघ 52, तर व्यास किती? 52 भागिले 3.14, म्हणजे साधारण साडेसोळा सेंटिमीटर. आठवीच्या मुली आम्हाला विचारतात, 'पाय'चा घरात उपयोग काय? आम्ही त्यांना टोपी दाखवतो.

टोपीला खांब लागतो. मुक्या खांबापेक्षा तो उंच. दोरा आधी सुईवर घ्यायचा, मग टाक्यात सुई घालून दोरा ओढायचा. सुईवर तीन फास होतात. दोरा घेऊन दोन फासांतून ओढा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोघांतून. झाला खांब.

4 साखळ्या घालून पहिल्या साखळीला जोडा, कडी होईल. 3 साखळ्या घाला, या एका खांबाच्या जागी धरायच्या. कडीत आणखी 11 खांब. एकूण 12. फेरी पहिल्या तीन साखळ्यांच्या टोकाला जोडून बंद करा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन-दोन खांब, झाले 24. तिसरीत एकावर एक, पुढच्यावर दोन, झाले 36. चौथीत दोन खांबांवर एकेक आणि तिसऱ्यावर दोन, 48. दर फेरीला बारानेच वाढ. बाराचा पाढा येत असेल तर नमुना लिहून ठेवायची गरज नाही. वरच्या दोऱ्याने आणि सुईने आठव्या फेरीला 96 खांब होतात आणि व्यास सोळा-सतराच्या आसपास येतो. तुमचा हात घट्ट असेल तर एखादी फेरी जास्त लागेल. टेप काय सांगते ते ऐका, फेऱ्यांचा हट्ट धरू नका.

व्यास आला की वाढ बंद. एक फेरी खांबावर खांब सरळ घ्या, माथा खाली वळायला लागेल. मग जाळी : एक खांब, एक साखळी, खालचा एक खांब सोडायचा, पुन्हा एक खांब, एक साखळी. पुढच्या फेऱ्यांत खांबावर खांब आणि मोकळ्या जागेवर साखळी. दर फेरीच्या सुरुवातीला 4 साखळ्या, तीन खांबाच्या आणि एक जाळीची. बाजू पाच-सहा सेंटिमीटर झाली की शेवटी दोन फेऱ्या मुक्या खांबाच्या, खांबावर एक आणि साखळीवर एक, म्हणजे कड सैल पडत नाही. टोपी धुऊन, हलकी खळ देऊन त्याच घेराच्या पालथ्या पातेल्यावर वाळवा.

चौथ्या-पाचव्या फेरीनंतर काम जमिनीवर ठेवून पाहायची सवय लावा. कडा वाटीसारख्या वर उठत असतील तर वाढ कमी पडली. कडा झालरीसारख्या लाटा मारत असतील तर वाढ जास्त झाली. दोन्ही वेळा उपाय एकच : उसवा. उर्दूत मनाच्या घालमेलीला 'उधेडबुन' म्हणतात, उसवणे आणि विणणे. ज्याने कोणी हा शब्द घडवला त्याच्या घरात विणणारी बाई नक्की असणार. नव्या मुली उसवताना रडकुंडीला येतात. पण क्रोशाचा सुती दोरा उसवला तरी वाया जात नाही, जातो फक्त वेळ. आणि त्या वेळेबद्दलच आम्हाला एक जुनी गोष्ट कबूल करायची आहे.

काही वर्षांपूर्वी आमची एक विद्यार्थिनी दहावीनंतर घरी बसली. आई आजारी, भाऊ लहान. जोहरनंतर तासभर ती आमच्याकडे क्रोशा शिकायला यायची. हात विलक्षण. तिसऱ्याच टोपीला तिची जाळी आमच्यापेक्षा सरस आली. त्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात बारा मुलांना एकसारख्या टोप्या हव्या होत्या. आम्ही तिला सांगितले, दोरा आणून दिला आणि तिने महिनाभरात बाराही टोप्या करून आणल्या. सगळ्यांनी तारीफ केली. आम्ही तिला एक ड्रेसपीस दिला, तिची आई दुआ देत राहिली, आणि आम्हीही आपण फार चांगले केले या समाधानात होतो.

पुढच्या आठवड्यात ती विणता विणता, मान वर न करता म्हणाली, "आपा, अशी टोपी दुकानात केवढ्याला मिळते?"

आम्हाला माहीत नव्हते. त्याच दिवशी बाजारात जाऊन विचारले. हातविणीच्या टोपीची किंमत ऐकून आम्ही दुकानाच्या पायरीवरच हिशेब केला. एका टोपीला तिला अकरा-बारा तास लागत होते. बारा टोप्या म्हणजे एकशे तीस तासांच्या वर. आम्ही शाळेत एवढे तास बिनपगारी शिकवले असते का? आमची एक तासिका जादा पडली तर आम्ही मुख्याध्यापकांकडे जातो.

त्याच सुमारास मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंचे, 1982 साली निघालेले पुस्तक वाचनात आले. विषय आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायका. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ही कला आणली आणि पुढे त्या बायकांच्या हातची क्रोशाची लेस परदेशांत विकली जाऊ लागली. बायका घरकाम सांभाळून दिवसाचे कित्येक तास विणत होत्या, आणि व्यापाऱ्यांपासून घरच्यांपर्यंत सगळे म्हणत होते की या फावल्या वेळात सुई चालवतात. म्हणून मजुरीही फावल्या वेळाची. ते वाचताना आम्हाला आमचा ड्रेसपीस आठवत होता.

आम्ही पैशांचे पाकीट घेऊन त्या मुलीच्या घरी गेलो. आई घेईना. "आपा, तुम्ही उस्ताद, तुमच्याकडून कसले पैसे? पोरगी तशीही बसूनच असते." मुलगी दारात उभी होती. काही बोलली नाही. पण पाकीट तिने हात पुढे करून घेतले.

तेव्हापासून आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला सुई-दोऱ्याबरोबर एक लहान वही आणायला सांगतो. बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, कोणती वस्तू, दोरा केवढ्याचा. पहिल्या दोन वस्तूंचे तास धरू नयेत, ते शिकण्याचे. उसवण्याचा वेळ मात्र चौथ्या वस्तूपर्यंत लिहावा, कारण तो कमी होत जातो आणि ते पाहून हुरूप येतो. घरच्यांसाठी विणले तरी लिहावे. भाचीला, दिराला, मशिदीला भेट खुशाल द्या, पण काय दिले ते आपल्याला ठाऊक असावे.

ती मुलगी आता लग्न होऊन दुसऱ्या गावी आहे, टोप्या आणि बाळंतविडे करून देते. गेल्या रमजानच्या आधी आम्ही पुतण्यासाठी एक टोपी सांगितली. तिने फोनवर घेर विचारला, मग दोऱ्याचे इतके आणि हाताचे इतके असे दोन वेगळे आकडे सांगितले. आम्ही जरा थांबलो, तशी म्हणाली, "आपा, वही वाचून दाखवू का?"

दाखवायला लावली नाही. पैसे पाठवले. टोपी ईदच्या चार दिवस आधी आली, घेर बरोबर 52.